थांब म्हटलं की

मनुक्यांचा पाव खाता खाता सिन्ने मध्येच थांबली. एवढंच झालं. ट्राम चढाला लागली होती, खिडकीबाहेर बर्चची ओली खोडं मागं सरकत होती, आणि सहा वर्षांची नात तोंडातला घास तसाच धरून समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसली. रडली नाही, गालाला हातसुद्धा लावला नाही. फक्त जीभ आतल्या आत डाव्या बाजूला गेली, काहीतरी चाचपून आली, आणि घास हळूच उजवीकडं सरकला. तिच्या आजीनं, तोरुननं, ते पाहिलं. दुखलं की मूल रडतं, भोकाड पसरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दुखणं असं गिळून टाकायला मात्र शिकावं लागतं, आणि जे मूल ते शिकतं त्याला दुखण्याहून मोठं काहीतरी कळलेलं असतं. "दाढेत सणक आली का गं?" तोरुननं विचारलं. "नाही." "आ कर बघू." सिन्नेचे ओठ शिवल्यासारखे मिटले. मग ते जेमतेम उघडून ती म्हणाली, "मनुका कडू होती, आजी." आणि उरलेला पाव तिनं कागदात नीट गुंडाळून आजीच्या पिशवीत ठेवला, कुणाच्या घरी वाढलेल्या नावडत्या पदार्थासारखा, सभ्यपणानं.

कडू मनुका. तोरुनला वाटलं, लहानपणी आपण काय सांगायचो? आपण भूक नाही म्हणायचो. एक अख्खा हिवाळा आपल्याला भूक नव्हती. आई म्हणायची, ही पोर वाऱ्यावर जगते. खरं तर मागच्या एका दाढेत एवढं भोक पडलं होतं की थंड हवा तोंडात शिरली तरी कानापर्यंत तार झणझणायची, आणि ट्रॉन्डहाइमच्या हिवाळ्यात थंड हवेला काय तोटा. पण कुणाला सांगितलं असतं तर ते शाळेच्या दाताच्या डॉक्टरच्या कानावर गेलं असतं. तो शाळेतच असायचा, सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिरक्या छताखालच्या खोलीत. वर्गाचं दार उघडायचं, गालात कापूस धरलेला एक मुलगा किंवा मुलगी आत यायची आणि पुढचं नाव सांगायची. सगळी मुलं त्या वेळी पुस्तकात अशी काही डोकं घालायची, की बाईंना वाटावं, काय हा अभ्यास. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास यायचा. आजही तोरुन मटणाच्या रश्श्यात लवंग घालत नाही. खोलीत गेलं की आधी दात कोरायच्या यंत्राचा पट्टा दिसायचा, चाकांवरून चाकांवर धावणारा, आणि त्याचा आवाज. तोरुन आता चाळीसेक वर्षं पियानो सुरात लावते आहे, शहरातल्या निम्म्या घरांतले पियानो तिच्या हाताखालून गेलेत. दोन तारा जवळ आल्या, पण अजून एक झाल्या नाहीत, की त्यांच्यामध्ये जे थरथरणं ऐकू येतं, त्यावरच तिचं पोट आहे. ते थरथरणं पहिल्यांदा तिनं त्या खुर्चीत ऐकलं, स्वतःच्या कवटीच्या आतून. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. तिला सगळे म्हणतात, काय कान आहे तुमचा.

आणि ती माणसं वाईट नव्हती, हेच तर होतं. डॉक्टर दमलेला असायचा. महायुद्धानंतरची वर्षं, साखर नुकती मुबलक झालेली, एवढ्या शाळा, एवढी किडलेली तोंडं, दुधाच्या दातांना बधिर करत बसायला वेळ कुणाला होता? "काही दुखत नाही," तो म्हणायचा, आणि पट्टा फिरायला लागायचा. तोरुननं हात वर केला होता. वर्गात करतात तसा, बोट ताठ. मागं एक बाई उभी असायची, डॉक्टरची मदतनीस. तिनं तो हात अलगद धरला आणि परत मांडीवर ठेवला. मग खांद्यांवर दोन हात आले. मऊ होते, उबदार होते. एखाद्या राक्षसानं धरलं असतं तर माणूस राक्षसाला घाबरला असता. तोरुन मऊ हातांना घाबरायला लागली. मोठेपणी ती एकदाच दाताच्या डॉक्टरकडं गेली, मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना, आणि खुर्चीत बसण्याआधीच कोट घालून बाहेर पडली. डावीकडच्या दाढा एकेक करून गेल्या. उरलेल्या बाजूनं ती खाते, हळू खाते, आणि लोकांना वाटतं, बाई चवीनं जेवते.

संध्याकाळी हेगेचा फोन आला. हेगे तिची मुलगी, किनाऱ्यानं उत्तरेकडं जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकीण. पंधरवडाभर बोटीवर, पंधरवडाभर घरी. ती बोटीवर असली की सिन्ने आजीकडं. मागून भांड्यांचा खणखणाट येत होता. तोरुननं पावाचं सांगितलं. "म्हणजे वाढलंय," हेगे म्हणाली. "आई, मागच्या गावातल्या त्या डॉक्टरनं सगळं बिघडवून ठेवलं गं. काही होणार नाही म्हणाला आणि खुपसली सुई. तेव्हापासून ब्रश लावायचा तरी घरात महाभारत." "मग आता?" "तुमच्या तिथल्या दवाखान्यात एक नवा आलाय म्हणे, आस्लाक नावाचा. पार उत्तरेच्या टोकाचा, फिनमार्कचा आहे. मुलांचंच बघतो. तू घेऊन जा ना." "मी?" "माझ्याबरोबर आली तर दारातच बसकण मारते. तुझं ऐकते ती." "हेगे, तुला माहीत आहे मी..." "माहीत आहे, आई. पण मी आत्ता बोडोच्या पुढं आहे, इथून हात कसा धरू तिचा? आणि हे राहिलं तर इस्पितळात नेऊन, भूल देऊन दाढ काढायला लागेल. तिथं रांग किती मोठी आहे, ठाऊक आहे ना?" मागून कुणीतरी तिला हाक मारली. "सूप करपतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर सिन्ने म्हणाली, "आजी, तुझा हात ओला का झालाय?" तोरुननं हात कोटाच्या खिशात घातला. लवंगेचा वास नव्हता. तरी ती हुंगत होती. कुणीतरी कॉफी केली होती, कुणाचे तरी ओले बूट हीटरखाली वाळत होते. दार उघडून जो माणूस बाहेर आला तो रुंद, बुटका, चाळिशीचा, आणि त्यानं तोरुनकडं पाहिलंच नाही. तो सिन्नेसमोर उकिडवा बसला. "मी आस्लाक. तू सिन्ने. तुझ्या तोंडाचं दार बंद आहे, असं ऐकलंय." सिन्नेनं मान हलवली. "बरं आहे. आज माझी खुर्ची दाखवतो, तोंड राहू दे." तोरुनला आठवतं, तिला तेव्हा रागच आला. गोड बोलणारे तिला नको होते. गोड बोलणं म्हणजे मऊ हात. ती आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, अशा बेतानं की लागलंच तर दोन पावलांत मुलीला उचलून बाहेर काढता यावं.

पण त्यानं खरंच काही केलं नाही. सिन्नेनं खुर्ची वर नेली, खाली आणली, आडवी केली. पाण्याचा फवारा त्याच्या हातावर मारला, मग स्वतःच्या, मग मुद्दाम त्याच्या चष्म्यावर. "हे बघ," तो म्हणाला, "हा हात वर केलास की मी थांबणार. कारण विचारणार नाही. करून बघ." त्यानं छोटा गोल आरसा तिच्या ओठांपाशी नेला. हात वर. आरसा थांबला. खाली. पुढं आला. हात वर. थांबला. सिन्नेनं त्याला असं किती वेळा थांबवलं, कोण जाणे. उघड उघड खेळ चालला होता, तिच्या डोळ्यांत ती चोरटी मजा दिसत होती, आणि तोरुन वाट बघत होती की आता हा कंटाळेल, आता म्हणेल 'पुरे', आता मागून कुणीतरी येईल. मागं दवाखान्यातली मुलगी फक्त काहीतरी पुसत होती. तो कंटाळला नाही. प्रत्येक वेळी तितकाच पुरता थांबला, हात हवेत, श्वाससुद्धा धरल्यासारखा. तोरुननं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नदी होती, पलीकडं खांबांवर उभी गोदामं, आणि एका छोट्या होडीत एक माणूस निवांत गळ टाकून बसलेला. त्या माणसाचा तिला विनाकारण हेवा वाटला. ती वळली तेव्हा सिन्नेचं तोंड उघडं होतं.

दुसऱ्या खेपेला त्यानं ती टोपी दाखवली. दाढेच्या मापाची, चांदीसारखी चमकणारी, बोटाच्या टोकावर मावणारी. "तुझ्या दाढेत कीड आहे. ती उकरून काढायची नाही मला. वरून ही टोपी घालायची, घट्ट. खाऊ मिळाला नाही की कीड आतल्या आत गप्प बसते. सुई नाही, कोरायचं यंत्र नाही." सिन्नेनं टोपी उलटसुलट करून पाहिली आणि जो प्रश्न तोरुन स्वतःच्या पोटात धरून होती तो विचारला. "दुखेल?" याचं उत्तर तोरुनला पाठ होतं. ते तिनं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, स्वतःही दिलं होतं, हेगेच्या गुडघ्यावर आयोडीन लावताना. आस्लाक म्हणाला, "दाबलं जाईल. नवा बूट घट्ट होतो ना, तसं. हिरडीला चिमटा बसल्यासारखं वाटेल. नाण्यासारखी चव येईल. एक दोन दिवस चावताना विचित्र लागेल, मग विसरशील." सिन्ने विचार करत होती. "आणि अजून एक," तो म्हणाला, "हे तुला आधी सांगायलाच हवं. टोपीत सिमेंट घालून ती दाढेवर बसवली की मग मला थांबता येत नाही. हात वर केलास तरी. एक गाणं होईपर्यंत तुला दात आवळून धरायला लागेल. म्हणून विचार आत्ता कर." सिन्नेनं टोपी त्याच्या तळहातावर ठेवली. "मग आज नाही," ती म्हणाली. तोरुन त्याच्या तोंडाकडं बघत होती. ती उसासा शोधत होती, लहानसासुद्धा चालला असता. त्यानं हातमोजे काढले. "बरं. आज नाही."

बाहेर पडताना सिन्नेला बूट घालायला सांगून तोरुन परत आत गेली. तिचा आवाज चढला होता, तिचा तिलाच परका वाटला. "सहा वर्षांच्या मुलीला विचारून कोण इलाज करतं? तिला काय कळतं? उद्या ठणका लागला तर तुम्ही येणार आहात का उठून?" तो भांडी सिंकमध्ये ठेवत होता. "येईन," तो म्हणाला. "माझा नंबर हेगेकडं आहे. आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे, वाट बघण्यात धोका आहे. कीड आत गेली तर टोपीनं भागणार नाही." "मग?" "मग मी चुकलो असं होईल. पण हा दुधाचा दात आहे हो. काही वर्षांत आपसूक पडेल. आज तिला धरून केलं असतं तर दात पडला असता, ती भीती राहिली असती. तोंड तिचं आहे. मी तिथं पाहुणा आहे." तोरुन भांडायला आली होती आणि समोरचा माणूस तिची स्वतःची गोष्ट, तिला न विचारता, बरोबर सांगत होता. तिनं रागानंच त्याचे आभार मानले.

त्या आठवड्यात तिचं कुठंच लक्ष लागलं नाही. शाळा सुटल्यावर सिन्ने तिच्याबरोबर कामाला यायची. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी जुना काळा पियानो होता, ओल धरलेला. तोरुन तारा ओढत होती आणि कान सारखा खाली जात होता, पियानोच्या पोटाशी बसलेल्या नातीकडं. ठणका लागला तर? आपण आजी आहोत, आपण तिला त्या खुर्चीत बसवून म्हणायला हवं होतं, बस, कर. पण तिच्या खांद्यावर हात ठेवायची कल्पनाच तिला सहन होईना. तिनं घरी जेवताना मुलीचं तोंड चोरून पाहिलं, उजवीकडचे घास मोजले, सूप कोमट करून दिलं. दर शनिवारचा गोड खाऊ आणायला विसरले असं सांगितलं, आणि सिन्ने काही बोलली नाही, म्हणजे तिलाही कळलं होतं. त्या दिवशी काळ्या पियानोखालून एकही शब्द येत नव्हता. वाकून पाहिलं तर सिन्ने पाठीवर झोपली होती आणि तिच्या दातांत लोकरीच्या नमद्याचा एक जाड तुकडा होता, पियानोतल्या हातोड्यांना लावतात तो, तोरुनच्या पेटीतला. डोळे घट्ट मिटलेले. नाकातून गाणं चाललं होतं, बोटीचं, बालवाडीतलं. गाणं संपलं तसा तिनं तुकडा काढला, त्यावरचे दातांचे खळगे बघितले. "पूर्ण झालं," ती स्वतःशीच म्हणाली. मग आजी दिसली. "आजी, तू कशाला बघतेस गं? ...उद्या जाऊ या का त्याच्याकडं? मला जमतंय."

गाणं आजीनं म्हणायचं असं ठरलं. सिन्नेनंच ठरवलं, कारण स्वतः म्हटलं तर दात उघडतील. तोरुन खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी राहिली. आस्लाकनं दाढ ब्रशनं पुसली. तो छोटा फिरता ब्रश गुणगुणला तशी तिच्या मानेवरची लव उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हा सूर खालचा आहे, जाड आहे, मांजर घुरघुरतं तसा. दोनदा हात वर झाला, दोनदा सगळं थांबलं. मग त्यानं टोपीत पांढरं सिमेंट भरलं. "आता," तो म्हणाला, "विचारतो. शेवटचं. घालू?" छतावरचा दिवा सिन्नेच्या डोळ्यांत होता. तिनं आजीकडं नाही, त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. टोपी बसली. "चाव. जोरात. आजी, गाणं." तोरुननं तोंड उघडलं आणि आवाज निघेना. सिन्नेचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या फुगल्या, एका डोळ्यातून पाणी कानाकडं उतरलं, आणि तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला. वर जायला लागला. तोरुनला तो हात दिसला आणि दुसरं काही दिसेना. कुणी तो धरला नाही. आस्लाकचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते. हात अर्ध्यावर गेला, तिथं क्षणभर लोंबकळला, मग सिन्नेनं त्याची मूठ केली आणि ती मूठ तिनं आजीच्या कोटाच्या बाहीत खुपसली. तेव्हा तोरुन गायला लागली. भसाड्या आवाजात, खालच्या सुरात, दुसरं कडवं चुकवून. सिन्नेनं चिडून बाही ओढली. तोरुननं कडवं परत घेतलं. आस्लाक मान डोलावत होता, त्याला बहुधा ते गाणं येत नव्हतं.

"संपलं," तो म्हणाला. सिन्नेनं दात सोडले. जीभ गेली, चाचपून आली. "घट्ट आहे," ती म्हणाली. "नाण्यासारखी चव आहे." आणि मग, जरा तक्रारीच्या सुरात, "तू सांगितलंस तसंच आहे." "हो," तो म्हणाला. तिनं आरसा मागितला आणि चांदीची दाढ वेगवेगळ्या उजेडात पाहिली. मग ती खुर्चीतून उतरली आणि म्हणाली, "आता आजीचं बघ. आजी एकाच बाजूनं जेवते." तोरुन हसली, पर्स उचलली. "हे मुलांचं असतं, राणी." "खरं आहे," आस्लाक म्हणाला, "अठरा वर्षं पुरी होईपर्यंतच बघतो आम्ही." "थोडक्यात हुकलं मग माझं," तोरुन म्हणाली. तो हसला नाही. सिन्ने एवढ्यात बाहेर पळाली होती, बाकावरच्या कुणाला तरी दाढ दाखवायला. "मोठ्यांची एक चांगली डॉक्टर आहे, वरच्या गल्लीत," तो म्हणाला. "माझी मैत्रीण आहे. तिला मी फोन करू शकतो. काय करायचं ते ती ठरवेल. काय करायचं नाही ते तुम्ही सांगा, म्हणजे मी तिला आधीच सांगून ठेवतो."

तोरुन उभीच राहिली. इतक्या वर्षांत तिला पुष्कळांनी विचारलं होतं की तुम्ही जात का नाही. हेगेनं विचारलं होतं, नवऱ्यानं तो होता तेव्हा विचारलं होतं, कुणी हसून, कुणी रागावून. असं कुणी विचारलं नव्हतं. यादी मोठी असेल असं तिला वाटलं, आणि ती मनात उघडून पाहिली तर तिथं आवाज नव्हता, वास नव्हता, दुखणंसुद्धा नव्हतं. पट्टा थांबल्यावरची वेळ होती. दमलेला डॉक्टर हात धुऊन वळला होता, तिच्या गालावर त्यानं थोपटलं होतं, आणि तो जे म्हणाला होता ते ऐकून तिला पहिल्यांदा रडू आलं होतं. कारण ती शूर नव्हती, ती नको म्हणत होती, आणि ते तिथं कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

"झाल्यावर," ती म्हणाली. आवाज कापरा होता, तिनं तो तसाच राहू दिला. "झाल्यावर तिनं मला शूर म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," आस्लाक म्हणाला, आणि त्यानं फोन उचलला.